मदत हवी आहे: घरात मायनिंग मशीन चालवताना आरसीसीबी पडतो, दोष मशीनचा की वायरिंगचा?

नमस्कार मंडळी,

परळमधल्या एका जुन्या इमारतीत आमचे दोन खोल्यांचे घर आहे. तिथे मी अँटमायनर एस९ हे बिटकॉइन मायनिंगचे, म्हणजे गणिते सोडवून बिटकॉइन हे आभासी चलन मिळवण्याचे, जुने मशीन चालवण्याचा प्रयत्न करत आहे, पण ते सुरू केल्यावर काही मिनिटांत डीबीमधला (घराच्या वीजवाटप पेटीतला) आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, पडतो आणि सगळ्या घराची वीज जाते. वायरिंग आणि हार्डवेअर या दोन्हींची माहिती असलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हे मशीन कमाईसाठी घेतलेले नाही, हे आधीच स्पष्ट करतो. एस९ हे २०१६ साली आलेले मशीन असून सेकंदाला सुमारे १३.५ टेराहॅश (एक टेराहॅश म्हणजे एक लाख कोटी गणिते) वेगासाठी ते साधारण १,३५० वॅट वीज घेते, आणि एप्रिल २०२४ मध्ये ब्लॉकमागचे (व्यवहारांच्या प्रत्येक गटामागचे) बक्षीस ३.१२५ बिटकॉइनवर आल्यानंतर मुंबईतल्या घरगुती दराने त्यातून वीजबिलही निघत नाही. हॅशबोर्ड (गणिते करणाऱ्या चिप्सचे बोर्ड), कंट्रोल बोर्ड आणि पॉवर सप्लाय हे एकमेकांशी कसे जोडलेले असतात, हे मला हाताने समजून घ्यायचे आहे. मशीन संध्याकाळी थोडा वेळच चालते आणि मी घरात असल्याशिवाय ते कधीही सुरू ठेवत नाही.

आता प्रत्यक्ष परिस्थिती सांगतो. मशीनसोबत एपीडब्ल्यू३++ हा पॉवर सप्लाय आहे, जो ११० व्होल्टवर १,२०० वॅट आणि २२० व्होल्टवर १,६०० वॅट देऊ शकतो. तो बंदिस्त गॅलरीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला थेट जोडलेला आहे आणि मध्ये एक्स्टेंशन बोर्ड नाही. पूर्वी हा पॉइंट वॉशिंग मशीनसाठी वापरात होता. डीबीमध्ये या सर्किटला १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास पडणारा स्विच) आहे आणि संपूर्ण घरासाठी ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअर संवेदनक्षमतेचा एकच आरसीसीबी आहे. घराचे वायरिंग काही वर्षांपूर्वी तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटर वायरने नव्याने केले होते, निदान आम्हाला तसे सांगण्यात आले होते.

मशीनचे तीनपैकी दोनच हॅशबोर्ड चालतात. स्टेटस पेजवर चेन ६ आणि चेन ८ (तिथे प्रत्येक बोर्डाला ‘चेन’ म्हणतात) यांच्या प्रत्येकी सर्व ६३ चिप्स ‘ओ’ म्हणजे ठीक दाखवतात, परंतु चेन ७ दिसतच नाही. त्यामुळे क्लॅम्प मीटरवर प्रवाह सुमारे ४.२ अँपिअर येतो. प्लग लावून स्विच दाबला की लगेच काहीही होत नाही. पंखे जोरात फिरतात, मग मंदावतात, दोन-तीन मिनिटांनी बोर्ड पूर्ण क्षमतेने काम करू लागतात, आणि साधारण त्याच सुमारास आरसीसीबी पडतो. उन्हाळ्यात हे क्वचित होत असे. पाऊस सुरू झाल्यापासून मात्र हा प्रकार जवळजवळ रोजचा झाला आहे. एमसीबी एकदाही पडलेला नाही.

माझ्याकडच्या मल्टिमीटरने त्याच स्विचबोर्डवरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये घेतलेली मापे अशी आहेत. मशीन बंद असताना फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२ व्होल्ट, तर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये १ व्होल्ट मिळतो. मशीन पूर्ण लोडवर असताना हेच आकडे अनुक्रमे २२२ आणि ९ होतात. प्लग टॉप तासाभरात कोमट होतो, पण कुठेही करपल्याची खूण नाही.

आमच्या ओळखीचे वायरमन काका येऊन पाहून गेले. त्यांच्या मते असली इलेक्ट्रॉनिक मशीन्स आरसीसीबीला चालत नाहीत, म्हणून हे सर्किट आरसीसीबीच्या आधीच जोडून घ्यावे. त्यांचा अनुभव मोठा आहे आणि मी त्यांचा मान राखतो, पण घरात आई आणि लहान मूल असताना विजेचा धक्का बसण्यापासून वाचवणारे एकमेव उपकरण बाजूला काढायला माझे मन तयार होत नाही. म्हणून मला विचारायचे आहे की गळती मशीनमधून होते की वायरिंगमधून, हे खात्रीने कसे ठरवावे? आणि तोपर्यंत बंद पडलेला तिसरा बोर्ड दुरुस्तीला घ्यावा का?

प्रतिसाद

आपण आरसीसीबी काढू दिला नाहीत, हे फार बरे केलेत. वायरमन काकांचा सल्ला पूर्णपणे निराधार नाही, हेही सांगायला हवे. अशा पॉवर सप्लायच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून अर्थिंगकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांतून काही मिलिअँपिअर प्रवाह नेहमीच अर्थिंगमध्ये जातो. संगणक, वॉशिंग मशीन आणि फ्रिज यांची अशीच किंचित गळती एकत्र झाली, तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी प्रत्यक्षात १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. पण तसे असते तर तो प्लग चालू करताक्षणी पडला असता, कारण कपॅसिटरमधली गळती व्होल्टेजवर ठरते, मशीन किती काम करते यावर नाही. तुमच्याकडे तो लोड चढल्यावर पडतो. मला या साऱ्या वर्णनातला हाच धागा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आता तुमची मापे पाहू. लोडवर एकूण १० व्होल्ट कमी झाले आणि त्यांपैकी ८ व्होल्ट एकट्या न्यूट्रलवर पडले, कारण न्यूट्रल-अर्थिंगचे माप १ वरून ९ झाले. निरोगी वायरिंगमध्ये ही घट फेज आणि न्यूट्रल यांच्यात साधारण सारखी वाटली जाते. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो, म्हणजे डीबीपासून गॅलरीपर्यंत १५ मीटर वायर धरली तरी ४.२ अँपिअरला एका वायरवर जेमतेम अर्धा व्होल्ट पडायला हवा. ८ व्होल्ट म्हणजे न्यूट्रलच्या वाटेत कुठेतरी जवळजवळ १.९ ओहमचा अडथळा आहे. चांगल्या वायरमध्ये एवढा अडथळा येत नाही. तो ढिल्या किंवा गंजलेल्या जोडातच येतो.

त्या जोडात किती उष्णता तयार होते, याचा हिशेब जरूर करावा. ८ व्होल्ट गुणिले ४.२ अँपिअर म्हणजे सुमारे ३४ वॅट. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातली सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच ताकदीची असते, आणि इथे ती भिंतीच्या आत किंवा माळ्यावरच्या डब्यात तापत आहे. तिसरा बोर्ड सुरू झाला की प्रवाह ६ अँपिअरच्या आसपास जाईल, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे त्याच जोडात ६८ वॅट तयार होतील. म्हणून तिसऱ्या बोर्डाला सध्या अजिबात हात लावू नये. वायरिंगचा दोष सापडेपर्यंत मशीनही बंद ठेवावे.

एमसीबी का पडत नाही, असा प्रश्न वाचणाऱ्यांना पडेल. एमसीबी फक्त जास्तीचा प्रवाह ओळखतो, आणि इथे प्रवाह मर्यादेतच आहे. आरसीसीबी गेलेला आणि परतलेला प्रवाह यांतला फरक ओळखतो; ढिल्या जोडाची उष्णता त्यालाही कळत नाही. असा दोष केवळ मापाने, वासाने किंवा डबा उघडून डोळ्यांनीच सापडतो. तुमच्याकडे आरसीसीबी पडतो आहे त्याचे कारण माझ्या अंदाजाने असे असावे: तापलेल्या जोडाजवळचे इन्शुलेशन कमकुवत झाले आहे आणि पावसाळ्यातल्या ओलीमुळे तिथला न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला किंचित टेकतो आहे. एरवी न्यूट्रल अर्थिंगच्याच पातळीवर असल्याने त्यातून फारसे काही गळत नाही, पण लोडवर तो ८-९ व्होल्ट वर उचलला गेला की ३०० ओहमच्या ओलसर वाटेनेही २५ ते ३० मिलिअँपिअर निसटतात.

पुढची तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी, कारण ती चालू डीबीमध्ये करायची आहे. त्यांना पूर्ण लोडवर, फक्त माप घेण्यापुरते मिनिटभर मशीन चालवून, डीबीमधल्या न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये व्होल्टेज मोजायला सांगा. तिथेही ८-९ आले तर दोष डीबीच्या अलीकडे, म्हणजे इमारतीच्या चढत्या लाइनमध्ये किंवा मीटर रूममध्ये आहे. तिथले सील आपल्याला तोडता येत नाही. परळ बेस्टच्या हद्दीत असल्याने बेस्टच्या फ्यूज कंट्रोलला कळवावे आणि तोपर्यंत घरातला मोठा लोड टाळावा. डीबीत १-१.५ व्होल्टच मिळाले तर दोष डीबी आणि गॅलरी यांच्यामध्ये आहे. त्यानंतर सर्व उपकरणांचे प्लग काढून, आरसीसीबीपासून या सर्किटचे फेज व न्यूट्रल दोन्ही सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने अर्थिंगशी इन्शुलेशन मोजावे. माप एक मेगाओहमपेक्षा कमी आले तर ती वायर बदलण्याशिवाय इलाज नाही.

एक गोष्ट जाता जाता. बंदिस्त गॅलरीत मुंबईच्या पावसाळ्यातली ओल आणि खारी हवा मशीनला मानवत नाही. चालू मशीन स्वतःच्या उष्णतेने कोरडे राहते, पण बंद करून थंड झाले की धुळीवर दमटपणा बसतो आणि बोर्डाच्या पिना गंजू लागतात. शक्य असल्यास मशीन आतल्या कोरड्या खोलीत आणावे. त्याची गरम हवा पुन्हा त्याच्याच तोंडात जाणार नाही, अशी जागा मात्र पाहावी.

मूळ प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपले मनापासून आभार. वायरमन काकांना आपला प्रतिसाद वाचून दाखवला, आणि त्यांनी तो शांतपणे ऐकून लगेच मीटर लावला. डीबीवर पूर्ण लोडला न्यूट्रल-अर्थिंगमध्ये १.२ व्होल्टच मिळाले, म्हणजे दोष घरातलाच होता.

स्वयंपाकघराच्या माळ्यामागे, डब्यांच्या आड, एक लोखंडी जंक्शन बॉक्स निघाला. फेजची वायर सलग होती, पण न्यूट्रल तिथे तोडून जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्याला नुसता पीळ देऊन जोडलेला होता. त्यावरची टेप हात लावताच भुकटी होऊन गळली. न्यूट्रलच्या काळ्या वायरचे इन्शुलेशन बोटभर लांबीत तपकिरी आणि कडक झाले होते, आणि एका बाजूला ती वायर बॉक्सच्या ओलसर, गंजलेल्या कडेला चिकटली होती. काकांनी स्वतःच सांगितले की अ‍ॅल्युमिनियमवर वीज न वाहणारा पापुद्रा चढतो, तापून-निवून तांब्याबरोबरचा पीळ सैल होतो आणि जोड आणखी तापतो. त्यांनी आता डीबीपासून मशीनच्या नव्या जागेपर्यंत ४ चौरस मिलिमीटर तांब्याची सलग वायर टाकली आहे आणि त्या सर्किटला स्वतंत्र आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी दोन्हींचे काम करणारा स्विच) बसवला आहे, त्यामुळे मशीनमुळे काही झाले तरी फ्रिज बंद पडणार नाही. सामान लोहार चाळीतून आणले. पूर्ण लोडवर नव्या सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थिंगचे माप १.४ व्होल्ट येते आणि दमट हवेतही आरसीबीओ पडलेला नाही.

राहिला तिसरा बोर्ड. वीज पूर्ण बंद करून मी चेन ६ आणि ७ यांच्या डेटा केबल आपापसांत बदलल्या, पण दोष केबलबरोबर गेला नाही. बोर्ड दुसऱ्या जागी लावल्यावर मात्र दोष बोर्डाबरोबर गेला. कर्नल लॉगमध्ये (मशीनच्या अंतर्गत नोंदींमध्ये) त्या चेनवर ६३ ऐवजी ४१ चिप्स सापडल्याचे दिसते. यावरून काय समजावे?

प्रतिसाद

केबल आणि कंट्रोल बोर्ड निर्दोष आहेत आणि हॅशबोर्डाला वीजही पोहोचते आहे, एवढे यातून नक्की होते. एस९ च्या बोर्डावर चिप्स एकामागून एक साखळीत असतात आणि प्रत्येक चिप पुढच्या चिपकडे सिग्नल पोहोचवते, म्हणून बहुतेक वेळा ४१ आणि ४२ क्रमांकाच्या चिपच्या जवळपास सोल्डर सुटलेले असते किंवा त्यांपैकी एक चिप गेलेली असते. लॅमिंग्टन रोडवर चिप-लेव्हल काम करणाऱ्या कारागिराला लॉगमधला हा आकडा लिहून द्यावा. त्याला सगळा बोर्ड तपासत बसावे लागणार नाही. तोपर्यंत त्या बोर्डाचे तिन्ही सहा-पिन कनेक्टर आणि डेटा केबल काढून ठेवावी. दोन बोर्डांवर मशीन व्यवस्थित चालते. दुरुस्त बोर्ड परत बसवताना तिन्ही कनेक्टर याच एका पॉवर सप्लायचे असावेत, दुसरा सप्लाय जोडून भार वाटून घेऊ नये, आणि कुठल्याही कनेक्टरची पिन तपकिरी दिसली तर ती घासून न वापरता पूर्ण बदलावी. सुरू केल्यावर पहिल्या तासात न्यूट्रल-अर्थिंगचे माप पुन्हा घ्या. ६ अँपिअरला ते दोन व्होल्टच्या आत असायला हवे.