क्रोमच्या आधी क्रमांक पाहावेत
टाकीचा रंग आणि क्रोमची चमक यांवरून जुन्या मोटरसायकलची निगा कळते, हे मत मला पटत नाही, कारण नवा रंग कोणत्याही गाडीला चढवता येतो. शोरूममध्ये अशी गाडी विकत घेताना आधी फ्रेमवरचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहावा. ठोकलेल्या आकड्यांभोवती कानशीने घासल्याच्या खुणा दिसल्या, तर पुढे जाऊच नये. १९६९ साली आलेल्या होंडा सीबी ७५० चे चारही सायलेन्सर मूळचे असतील, तर ती फार मोलाची गोष्ट आहे, कारण पुष्कळांनी ते काढून एकच बसवला. कस्टम, म्हणजे आवडीनुसार बदल करून घेतलेल्या, गाडीत मात्र मूळपणा शोधण्यात अर्थ नसतो. तेथे कापून जोडलेल्या फ्रेमचे वेल्डिंग सलग आहे का आणि हँडल पूर्ण वळवल्यावर ब्रेकची नळी ताणली जाते का, हे वाकून जरूर पाहावे.