नवा फोन घेतल्यावर रेंज आणि डेटाचा वेग किती बदलला? मराठवाड्यातील अनुभव

परभणी, निवृत्त शिक्षक

गेल्या महिन्यात मी सहा वर्षे वापरलेला ४जी फोन बाजूला ठेवून ५जीचा नवा फोन घेतला आणि एकच सिम दोन्ही फोनांत आलटून पालटून घालून आठ दिवस वहीत नोंदी ठेवल्या. शहरातल्या घराच्या गच्चीवर नव्या फोनवर डाउनलोडचा वेग जुन्याच्या जवळजवळ दहापट मिळाला. स्वयंपाकघरात मात्र दोन्ही फोन सारखेच चालले, आणि पाथरी तालुक्यातल्या शेतात तर नव्या फोनवर आवाज तुटत होता, तिथेच जुन्या फोनवर बोलणे नीट होत होते. सिम तेच, कंपनी तीच, उभे राहण्याची जागाही तीच. मग हा फरक कशाने पडतो हे समजून घ्यावे असे मनापासून वाटले, कारण आपल्याकडे पीक विम्याच्या अर्जापासून नातवंडांच्या अभ्यासापर्यंत सगळे आता या सिग्नलवर येऊन ठेपले आहे.

मराठवाड्यातील सर्वांना विनंती आहे की आपापले अनुभव जरूर लिहावेत. मात्र ‘आमच्याकडे रेंज चांगली आहे’ एवढ्यावर न थांबता गाव, वेळ आणि घरातली नेमकी जागा सांगावी. शक्य असेल त्यांनी सिग्नलचा आकडाही द्यावा. बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेटिंग्जमधल्या ‘फोनविषयी’ या भागात सिमची स्थिती उघडली की तो डीबीएममध्ये दिसतो. आकडा उणे असतो. उणे ८५ म्हणजे चांगला, उणे १०० म्हणजे कामापुरता, आणि उणे ११५ च्या पुढे गेला की कॉल तुटू लागतात. दहाचा फरक पडला की सिग्नलची ताकद दहापटीने कमी झालेली असते. फोनवरच्या कांड्या मोजून तुलना करू नये, कारण कोणत्या आकड्याला किती कांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या पद्धतीने ठरवते.

लातूर, वसतिगृहातील विद्यार्थिनी

सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आकडा पाहिला तेव्हा मला एक वेगळीच गोष्ट उमगली. मी नीटची तयारी करते. आमच्या वसतिगृहाच्या खोलीत सिग्नल उणे ८० च्या आसपास असतो, म्हणजे तक्रारीला जागाच नाही. तरीही रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास, आमच्या भागातल्या सगळ्या वसतिगृहांतील मुलेमुली एकाच वेळी व्हिडिओ लेक्चर पाहायला किंवा घरी बोलायला बसतात तेव्हा, जुन्या ४जी फोनवर वेग एक-दीड एमबीपीएसवर येत असे आणि चित्र फिरत्या गोलावर अडकून राहत असे. पहाटे पाच वाजता त्याच खोलीत, त्याच खाटेवर बसून तोच वेग तीसच्या वर जायचा. सिग्नलचा आकडा दोन्ही वेळा सारखाच होता. टॉवरची क्षमता त्यावर जोडलेल्या सर्वांमध्ये वाटली जाते आणि आमच्या शिकवणीच्या परिसरात वाटेकरी फार आहेत, हे मला तेव्हा कळले.

५जीचा फोन घेतल्यापासून रात्रीची अडचण बरीच कमी झाली आहे. पहाटे दोनशेच्या पुढे आणि रात्री चाळीस-पन्नास एमबीपीएस मिळतो, जो लेक्चरसाठी पुरून उरतो. मैत्रिणींना दोन गोष्टी आवर्जून सांगते. वेग एमबीपीएसमध्ये, म्हणजे मेगाबिटमध्ये मोजतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये असते, त्यामुळे आठाने भागल्याशिवाय फाइल किती वेळात उतरेल याचा हिशेब लागत नाही. दुसरी गोष्ट डेटाची आहे. ५जीवर वेगाची एक चाचणी केली की तीन-चारशे एमबी सहज खर्च होतात. ज्यांच्या प्लॅनमध्ये रोजची मर्यादा दीड जीबी आहे त्यांनी हौसेने दिवसातून चार वेळा चाचणी केली, तर संध्याकाळच्या अभ्यासाला डेटा उरणार नाही.

तुळजापूर तालुका, गृहिणी

आमचे घर जुने आहे. दगडमातीच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, वर माळवद, मधल्या खोलीला खिडकी नाही. उन्हाळ्यात या घरासारखा गारवा नव्या बांधकामात मिळत नाही, पण मोबाइल आला तेव्हापासून मधल्या खोलीत बोलायचे असेल तर उठून ओसरीवर यावे लागते. दिवाळीत मुलाने पुण्याहून नवा फोन आणला आणि आता आत बसून बोलता येईल, असे म्हणाला. आम्ही दोघांनी फोन हातात धरून खोलीखोलीत आकडे घेतले. अंगणात उणे ८८, ओसरीवर उणे ९६, आणि उंबरा ओलांडून मधल्या खोलीत चार पावले टाकली तोच उणे ११४. जुन्या फोनचेही आकडे दोन-तीनच्या फरकाने तेच निघाले. भिंत ओलांडताना नव्याजुन्या फोनची तिने काही पर्वा केली नाही.

मुलाने समजावले ते सोप्या शब्दांत लिहिते. रेडिओ लहरींची वारंवारिता जितकी कमी तितकी ती लहर दूर जाते आणि भिंतीतून जास्त शिरते. जास्त वारंवारितेच्या लहरीत एकाच वेळी पुष्कळ डेटा वाहून नेण्याची सोय असते, पण ती लवकर थकते. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेले ५जी मुख्यत्वे ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे. अंगणात मिळणारा मोठा वेग तिथूनच येतो, आणि माळवदाखाली तो पट्टा पोहोचत नाही म्हणून फोन ४जीच्या ८५०, ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झवर उतरतो. जिओने २०२२ च्या लिलावात घेतलेला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आतपर्यंत चांगला जातो, पण त्या पट्ट्यावर वेग फार मोठा मिळत नाही.

आमचा प्रश्न शेवटी वेगळ्याच रीतीने सुटला. घरात फायबरचे इंटरनेट होते, त्यामुळे मुलाने फोनमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करून दिले. आता मधल्या खोलीत, देवघरासमोर बसून मी बहिणीशी अर्धा तास बोलते. हे बटण जुन्या फोनमध्येही होते आणि तीन वर्षे ते कोणीही दाबले नव्हते, याचे मला फार वाईट वाटले.

घनसावंगी तालुका, जिल्हा जालना, शेतकरी

डाउनलोडचा वेग सगळे जण सांगतात, पण शेतकऱ्याचे काम अपलोडवर अडते, म्हणून मुद्दाम लिहीत आहे. ई-पीक पाहणी २०२१ पासून आपल्याच मोबाइलवरून करावी लागते आणि त्यासाठी पिकात उभे राहून फोटो काढून पाठवावा लागतो. गेल्या खरिपात नवा ५जी फोन घेऊन मी सोयाबीनमध्ये उभा होतो. वर ५जीचे चिन्ह दिसत होते, व्हॉट्सॲपवर आलेले फोटो उघडत होते, परंतु माझा फोटो काही केल्या पुढे सरकत नव्हता. गोल फिरत राही आणि शेवटी पुन्हा प्रयत्न करण्याची सूचना येई. अशी पाच वेळा पाळी आली. शेजारच्या बांधावरच्या भावाने साध्या ४जी फोनवरून तेच काम दहा मिनिटांत उरकले.

त्याचे कारण नंतर समजले. टॉवरकडे कित्येक वॅटची ताकद असते आणि आपला फोन साधारण पाव वॅटपेक्षाही कमी ताकदीने उलट बोलतो. टॉवरचे आपल्याला ऐकू येते, आपले मात्र टॉवरपर्यंत पोहोचत नाही, अशी सीमेवरची अवस्था शिवारात नेहमीच असते. त्यातच माझा फोन अशक्त ५जी आणि बऱ्या ४जीमध्ये सारखा ये-जा करत होता. मी नेटवर्कच्या पसंतीत ५जी काढून फक्त ४जी ठेवले, लिंबाच्या झाडाखालून बाहेर येऊन मोकळ्या बांधावर उभा राहिलो आणि फोटो एका मिनिटात गेला. ओल्या पानांनी सिग्नल बराच अडतो, हे त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले. आता शेतात पाऊल टाकताना ४जी आणि गावात आल्यावर ५जी, अशी मी सवयच लावून घेतली आहे. परभणीच्या सरांच्या शेतातही बहुधा हेच घडत असावे.

परभणी, निवृत्त शिक्षक

घनसावंगीच्या भाऊंनी सांगितले तसे काल पाथरीच्या शेतात जाऊन केले. फक्त ४जी ठेवल्यावर नव्या फोनवर आवाज तुटणे थांबले. वीस मिनिटांत तीन कॉल केले, तिन्ही व्यवस्थित झाले. वहीत तशी नोंद केली आहे. आपले मनःपूर्वक आभार.

किनवट, वनक्षेत्राजवळचे गाव

आमच्याकडे ५जीचा प्रश्न अजून आलेला नाही. डोंगर आणि सागाच्या जंगलामुळे गावाला एकाच कंपनीचा, बीएसएनएलचा टॉवर पोहोचतो. बीएसएनएलचे ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालते. माझ्या जुन्या फोनमध्ये ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे बँड २८ नव्हता, त्यामुळे गावात ४जी सुरू झाल्यावरही मला ते घरात मिळत नसे आणि शेजाऱ्याला मिळे. नवा फोन घेताना दुकानात उभे राहून कंपनीच्या माहितीपत्रकात बँड २८ आहे का, ते आधी पाहिले आणि मगच पैसे दिले. घरात आता उणे १०५ आणि सहा-सात एमबीपीएस मिळतात. आमच्यासाठी हा फार मोठा बदल आहे.

उमरगा, किराणा व्यापारी

सीमेवरच्या गावांची अडचण कोणी लिहिली नाही, म्हणून लिहितो. कर्नाटक आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. नवा फोन घेतल्यावर दुकानात इंटरनेट दिवसातून चार-पाच वेळा बंद पडू लागले, कांड्या मात्र भरलेल्या दिसत. यूपीआयचे पैसे आल्याची खात्री होईना आणि गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत उभे राही. मी फोन सदोष आहे असे धरून बदलून घेण्याच्या तयारीत होतो. एका सायंकाळी वरच्या पट्टीत रोमिंगचे छोटे चिन्ह दिसले, तेव्हा उलगडा झाला. फोन पलीकडच्या कर्नाटक सर्कलचा टॉवर पकडत होता, आणि नव्या फोनमध्ये डेटा रोमिंग मुळातच बंद होते. जुन्यात ते मीच कधीतरी सुरू केलेले होते. ते सुरू केले आणि अडचण संपली. देशांतर्गत रोमिंगसाठी माझ्या प्लॅनमध्ये वेगळे पैसे लागत नाहीत. उदगीर, देगलूर, धर्माबादकडच्या मंडळींनी फोनला दोष देण्याआधी हे एकदा तपासावे.

छत्रपती संभाजीनगर, मोबाइल दुरुस्तीचे दुकान

‘नव्या फोनला रेंज नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचा फोन मी आधी कव्हरातून बाहेर काढतो. फोनच्या अँटेना कडांमध्ये असतात. धातूच्या चौकटीवर ज्या बारीक रेषा दिसतात त्या त्यांच्यासाठीच सोडलेल्या असतात. जाड धातूचे कव्हर किंवा मागे चिकटवलेली लोखंडी पट्टी त्या झाकते. त्यानंतर मी सिम पाहतो. दहा वर्षांपूर्वी कात्रीने कापून लहान केलेली सिमे आजही लोकांच्या फोनात आहेत आणि ती ट्रेमध्ये नीट बसत नाहीत. कंपनीच्या दालनात ती बदलून मिळतात. तिसरी गोष्ट डिस्प्ले किंवा बॅटरी बदललेल्या फोनची आहे. आतली अँटेनाची बारीक वायर पुन्हा नीट दाबून बसवली नाही, तर चांगला फोनही पंधरा-वीस डीबीएमने मागे पडतो. आमच्याच व्यवसायातल्या माणसांच्या हातून हे घडते, म्हणून दुरुस्तीनंतर दुकान सोडण्यापूर्वी ग्राहकाने आधीचा आणि नंतरचा आकडा मागून घ्यावा.

कन्नड, मालवाहू वाहनचालक

कन्नड घाटात चाळीसगावकडे उतरताना रेंज जाते, मग फोन कोणताही असो. फरक घाट संपल्यावर दिसतो. जुना फोन नेटवर्क शोधण्यात पाच-सात मिनिटे घालवत असे, नवा एका मिनिटात जोडला जातो. रेंज नसताना फोन पूर्ण ताकदीने टॉवर शोधत राहतो, तापतो आणि बॅटरी उतरते. घाट चढण्यापूर्वी मी तो विमान मोडवर टाकतो.

धारूर तालुका, जिल्हा बीड, महाविद्यालयीन विद्यार्थी

माझे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिने कारखान्याच्या भागात कोपीवर राहतात. घरी मी आणि आजी असतो. नवा फोन आम्ही एकाच कामासाठी घेतला, रात्री आठ वाजता आईचे तोंड दिसावे म्हणून. त्यामुळे वेगाची मोठी आकडेवारी आम्हाला कामाची नाही. व्हिडिओ कॉलला एक-दीड एमबीपीएस पुरतो, मात्र तो अखंड मिळाला पाहिजे.

आमच्या घरावर पत्रे आहेत. पत्र्याखाली सिग्नल उणे ११८, दाराच्या उंबऱ्यावर उणे १०६ आणि अंगणातल्या रांजणाजवळ उणे १०१, असे आकडे मी आठवडाभर लिहून काढले. पत्रा धातूचा असल्यामुळे जाड भिंतीपेक्षाही तो सिग्नल जास्त अडवतो. त्याहून मोठी अडचण विजेची आहे. लाइट गेली की गावाजवळचा टॉवर बॅटरीवर चालतो आणि माझ्या नोंदींप्रमाणे दोन-अडीच तासांनी बंद पडतो. संध्याकाळी पाचला लाइट गेली, तर आठचा कॉल होत नाही, हे आता आजीलाही पाठ झाले आहे. म्हणून लाइट गेली की मी लगेच आईला मेसेज करतो आणि ती कोयता धुवून झाल्या झाल्या, सातच्या आत फोन लावते. परवा तसेच झाले. आजी रांजणाजवळ पाट टाकून बसली, फोन तिने दोन्ही हातांनी कडेला धरला होता, तेव्हा मी तिची बोटे वरच्या कोपऱ्यावरून खाली सरकवली आणि आकडा चारने सुधारला. कॉल चौदा मिनिटे चालला. पंधराव्या मिनिटाला टॉवर गेला, पण तोवर आजीचे सगळे सांगून झाले होते.