कुलदेवता की कुलदैवत? आणि गणपती "ही" देवता का?

चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका छापायला द्यायचीय आणि घरात एका शब्दावरून दोन दिवस वाद चालू आहे. वरती "।। श्री कुलदेवता प्रसन्न ।।" असं होतं, तर काका म्हणाले आपला खंडोबा, पुरुष देव, त्याला देवता कसं म्हणायचं, कुलदैवत लिहा. आत्याचं म्हणणं देवतामध्ये सगळेच आले. प्रेसवाला म्हणतो काय ते लवकर सांगा, मला दोन्ही चालतं. नक्की फरक काय? पेपरात "गणपती ही बुद्धीची देवता" वाचलं की मीपण दरवेळी अडखळतो, गणपती आणि "ही"??

— काकांना रामरक्षा येत असेल ना? सुरुवातच म्हणायला सांगा, "श्रीसीतारामचंद्रो देवता". देवला ता लागून देवता झालं आणि संस्कृतात असा ता लागलेला शब्द स्त्रीलिंगीच, मग तो कुणाबद्दलही असो. मराठीत "व्यक्ती" कसं, आजोबासुद्धा ती व्यक्तीच, तसंच हे. तो "ही" गणपतीचा नाहीये, देवतेचा आहे. दैवत मराठीत ते दैवत, नपुंसक. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, तर देवता स्त्रीलिंगी आणि दैवत नपुंसक, पुल्लिंगीही चालेल, असं एका ओळीत दिलंय.

— व्याकरण ठीक पण वापरात फरक आहेच की. सचिन आमचं दैवत म्हणतो, सचिन आमची देवता म्हणून बघा, हसू येतं. उलट न्यायदेवता, वनदेवता म्हणतो, न्यायदैवत कोणी म्हणत नाही. मला वाटतं दैवत हे कुणाचं तरी असतं, माझं, घराण्याचं, गावाचं, आणि देवतेकडे एखादं खातं असतं. देव बिचारा एकटाच पुरतो, जेजुरीच्या बाजूला नुसतं "देवाला जाऊन आलो" म्हटलं की खंडोबाच समजायचा.

— खातं हे बरोबर पकडलंत. वेदाच्या सूक्ताला ऋषी, छंद आणि देवता सांगतात, तिथे देवता म्हणजे ते सूक्त ज्याला उद्देशून आहे ते. त्यामुळे ऋग्वेदात सातव्या मंडलातल्या १०३ व्या सूक्ताची देवता चक्क बेडूक आहेत आणि दहाव्यातल्या ३४ व्या सूक्तात जुगाराचे फासे! त्यांना कोणी देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. गंमत म्हणजे शेजारी इराणात, पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथामध्ये देवचाच भाऊ असलेला शब्द दएव, तो दुष्ट शक्तींसाठी आहे, आणि आपला असुर तिकडे अहुर होऊन थेट परमेश्वर. आपल्याकडेही ऋग्वेदात वरुणाला असुर म्हटलंय, मानाने. शब्दाचं नशीब कुठे फिरेल सांगता येत नाही.

— खात्याचा नियम गळका आहे हो, "विद्येचं दैवत" सर्रास म्हणतात. आणि आमच्या तळकोकणात ग्रामदैवत, ग्रामदेवता हे पाटीवरचे शब्द, तोंडात नाहीत. तोंडात रवळनाथ नाहीतर नुसता देव, "देवाक गाऱ्हाणा घातला". आणि देवचार विसरू नका, गोव्यातही आहे, नावात देव असून देवळात नसतो, वेशीवर राखण करतो, त्याला रोट (जाड भाकरी) आणि विडी. तो देव का भूत विचारलंत तर म्हातारी माणसं विषयच बदलतात.

— लग्नच आहे तर देवकही धरा, म्हणजे कुळाचं चिन्ह. देवपासूनच आलाय शब्द, पण मूर्ती नाही, कुणाचं झाडाची डहाळी, कुणाचं पंचपालवी, म्हणजे पाच झाडांची पानं. पत्रिकेत "देवक" लिहून मुहूर्त देतात तेव्हा हल्लीच्या मुलांना वाटतं काहीतरी पूजा असेल. (आणि देवी येणं म्हणजे तो रोग, देवी टोचणं म्हणजे त्याची लस, हे आता फक्त आजीच्या दंडावरच्या खुणेत राहिलंय.)

— धागा काढणारा मीच. रामरक्षा काकांना दाखवली, ते म्हणाले राम वेगळा, खंडोबा वेगळा. शेवटी "श्री कुलस्वामी खंडोबा व कुलस्वामिनी तुळजाभवानी प्रसन्न" असं लिहून दिलं, ओळ लांब झाली म्हणून प्रेसवाल्याने अक्षर बारीक केलंय. देवकाचं आत्याला विचारलं, आमचं पंचपालवी.