संगणकाचा तास आणि आमची पोरं : बेळगाव-खानापूर-निपाणीकडचे अनुभव लिहा

जास्वंद_हिंडलगा
परवा शेताचा उतारा काढायला ऑनलाइन सेंटरवर गेले होते. काउंटरवरच्या पोरानं एकाचा कन्नड अर्ज टाईप केला, लगेच दुसऱ्याची मराठी लग्नपत्रिका घेतली, आणि दोन्ही वेळा कीबोर्डकडे ढुंकूनही बघितलं नाही. मी विचारलं, "इन्स्क्रिप्ट?" (म्हणजे सगळ्या भारतीय भाषांना बटणं सारखीच ठेवणारी कीबोर्डची मांडणी.) तो वर बघतो तर उठूनच उभा राहिला. "बाई, तुम्हीच की! ळ सापडंना म्हणून पट्टी दिलेली मला." (पट्टीचं मला आठवत नाही. असेलही.)

मी हायस्कुलात गणित शिकवायचे. कॉम्प्युटर गळ्यात पडला तो "बाई, तुम्हाला येतंय नव्हं" एवढ्यावर. पाच मशीन, त्यातली तीन चालू, वर्गात बेचाळीस पोरं. मराठी टायपिंगला पोरं तयार, कन्नड म्हटलं की तोंडं वाकडी. 2014 च्या नोव्हेंबरात बेळगावचं नाव सरकारी कागदावर 'बेळगावी' झालं, त्याच्या पुढच्या वर्षी मी एक गंमत केली. फळ्यावर लिहिलं: केवर क, एचवर प, जेवर र, शिफ्ट धरून एन दाबला की ळ. भाषा बदला, बटणं तीच. आता 'बेळगाव' मारा. मारलं. आता कन्नड लावून 'बेळगावी' मारा. फरक दोनच ठिकाणी. कन्नडातला 'बे' ऱ्हस्व, त्याची मात्रा एसवर नाही, झेडवर. आणि शेवटच्या वला वेलांटी, ती एफवर.
मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "बाई, मग भांडण दोन बटणांचंच हाय व्हय?"
मी त्याला गप्प बस म्हटलं. स्टाफरूममध्ये सांगितलं तर तिथं खरोखरच भांडण लागलं.
काउंटरवरचा पोरगा म्हणजे तो मागच्या बाकावरचाच की दुसरा, विचारायचं राहिलं. तुमचेही अनुभव लिहा, शिकवणाऱ्यांचे आणि शिकणाऱ्यांचेही.

खानापूरकर
शिकणाऱ्यातला. चपला बाहेर, पाय धुवून आत, देवघराला नसेल एवढं सोवळं. तीन वर्षात माऊस किती वेळा धरला? चार. बाकी वेळ कव्हर काढणे, कव्हर घालणे. जून ते सप्टेंबर करंटच नसायचा. मग सरांनी चपलांच्या खोक्यांवर स्केचपेननं कीबोर्ड काढून दिले. खोक्यावर बोटं चालवायची आणि तोंडानं अक्षर म्हणायचं. पन्नास पोरं एकदम "क, र, त" म्हणतायत, बाहेरून हेडमास्तरांना वाटायचं पाढे चाललेत.
खरं त्या खोक्यावर शिकलेलं अजून विसरलो नाही.

उचगाव_फाटा
'लोगो' म्हणजे पोरांना शिकवायची ती कॉम्प्युटरची भाषा, त्यातलं कासव कुणाला आठवतंय काय? सर म्हणाले आज कासव चालवायचं. आम्ही अख्खा आठवडा वाट बघितली. उघडून बघतो तर एक त्रिकोण! "सर, कासव कुठाय?" "हेच कासव." "पाय?" "पाय नाहीत. एफडी 100 मार." मारलं, रेघ आली. आरटी 90, वळलं. चार वेळा केलं की चौकोन. माझा मित्र आरटी 90 च्या जागी सारखा आरटी 9 मारायचा, त्याचं कासव भलतीकडंच जाऊलालं. आता तो ट्रक चालवतो, आम्ही अजून त्याला आरटी नऊ म्हणतो.

कुंदा_पार्सल
😂😂 आरटी नऊ. बाई, ते पत्रिकेचं सेंटर कुठलं ओ? भाचीचं लग्न हाय, इथला एकजण 'शुभविवाह'मध्ये दर वेळी चूक करतोय.

जास्वंद_हिंडलगा
व्यनि (खाजगी निरोप) करते. चार वेळा प्रूफ बघा मात्र. माझाच विद्यार्थी आहे, म्हणून सांगते.

निपाणीची_मास्तरीण
आमच्याकडं बऱ्याच मुलांच्या आया घरी बिड्या वळतात. घरात फोन एक, त्यावरच अभ्यास आणि त्यावरच पैशाचा व्यवहार. चौथीला मी घसा ताणून सांगितलं: पिन कुणाला सांगायचा नाही, कुणालाच नाही. दुसऱ्या दिवशी एक आई भांडायला दारात. तिला आकडे वाचायला जमत नाहीत, म्हणून पिन आधीपासून पोरगीच टाकते. आणि आता पोरगी आईलाच सांगंना! "बाईंनी सांगितलंय, कुणालाच नाही." दुकानदार उभा, आई उभी, पोरगी हाताची मूठ करून उभी.
मी पोरीला ओरडू की शाबासकी देऊ? शेवटी आईलाच रोज सुट्टीनंतर बसवलं, फक्त शून्य ते नऊ. आठ दिवसात आले. पिन तिनं बदलला. पोरीला सांगितला नाही.

खानापूरकर
शेवटची ओळ 👌

कणकुंबी_पाऊस
लॉकडाऊनमध्ये आमच्याकडं शाळा टेकावर भरायची, कारण रेंज तिथंच. ती पण गोव्याची. घरातनं छत्री, फोन आणि कांबळं घेऊन निघायचं. सरांचं अर्धं वाक्य यायचं, अर्धं चोर्ला घाटात राहायचं. माझी बहीण तेव्हा सहावीत, तिला 'म्यूट' म्हणजे पाऊस थांबला असं वाटायचं. बाकी इंटरनेटवर काय बघू नये वगैरे कुणी शिकवलं नाही. चित्रच उघडायचं नाही तर बघायचं काय?

अथणी_हायस्कूल
हसून झालं असेल तर एक वेगळं लिहिते. नाव-गाव विचारू नका.
आठवीतल्या मुलीचा गॅदरिंगमधला फोटो. कुणीतरी चेहरा कापून भलत्याच अंगावर चिकटवला आणि ग्रुपवर टाकला. माझ्यापर्यंत आला तो "मॅडम बघा काय चाललंय" म्हणून एका पालकाकडूनच. म्हणजे त्यांनीही पुढं पाठवलाच की! मी पहिलं सांगितलं, आता पुरावा म्हणूनसुद्धा कुणी कुणाला पाठवायचा नाही. ज्याच्याकडं आधी आला त्याच्याकडूनच नंबर, वेळ, ग्रुपचं नाव टिपून घेतलं. शेजारचे सांगत होते 1930 ला फोन करा. तो मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी. आम्ही 1098 ला, चाइल्डलाइनला केला आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली. बायका-मुलांच्या तक्रारींना तिथं वेगळा रकाना आहे, नाव न देताही टाकता येते.
तोवर घरच्यांनी फोन काढून घेतला होता. मुलीचा. ज्यानं केलं तो तिसऱ्या बाकावर बसून गणितं सोडवत होता.
वर्गात भाषण दिलं नाही. एक कोरी चिठ्ठी काढली. एकानं तिघांना सांगायचं, त्या तिघांनी प्रत्येकी नव्या तिघांना. पोरांनीच फळ्यावर आकडे मांडले: 3, 9, 27, 81, पाचव्या फेरीला 243. आमची अख्खी शाळा 210 ची. कुणी काही बोललं नाही. मधल्या सुट्टीत तो स्वतः आला.
पुढचं लिहीत नाही. मुलगी शाळेत येते, एवढं सांगते.

जास्वंद_हिंडलगा
अथणीच्या मॅडम, फार नीट केलंत. हा 243 चा हिशेब मी गणितात वापरला असता. त्या पालकाचं काय झालं?

अथणी_हायस्कूल
ते आता ग्रुपचे अ‍ॅडमिन आहेत. रोज सकाळी सुविचार टाकतात.

उचगाव_फाटा
😶

सातवीब
मी फक्त वाचायला आलेलो. आमच्या लॅबमधल्या माऊसच्या खालची गोळी काढून आम्ही गोट्या खेळलो होतो, हे आज कबूल करतो. रबरी असल्यानं नीट उडायची नाही, त्यामुळं हरलो पण. सरांनी पाच माऊस उघडून बघितले, पाचही रिकामे. कुणाचंच नाव आलं नाही, कारण आरटी नऊसारखा एकपण आमच्यात नव्हता.

उचगाव_फाटा
ए, आरटी नऊला काय बोलू नको. त्यानंच मला टायपिंग शिकवलं, पुढं नोकरी लागली.

कुंदा_पार्सल
विषय सोडून विचारतो, मांडे आजच्या आज पुण्याला पोचवणारं कोण आहे काय? मावशी आलीय.

जास्वंद_हिंडलगा
मांड्यांचा धागा वेगळा काढा ओ.
खानापूरकर, तुमच्या कव्हरवरून आठवलं. मी रिटायर झाले तेव्हा लॅबमधली जुनी कव्हरं फेकून देणार होते. गुलाबी, झालर लावलेली, शिवणाच्या बाईंनी शिवलेली. एक घरी आणलं. मॉनिटरचं माप आणि आमच्या मिक्सरचं माप जुळलं.

खानापूरकर
झालर तेवढी अजून हाय काय?

जास्वंद_हिंडलगा
हाय की. उंदरानं एक कोपरा खाल्लाय.