मदत हवी आहे: तलवार माशाचं वय आणि पक्वतेची लांबी जुळत नाही

धागाकर्ता: निळं_पाणी

तलवार मासा म्हणजे स्वोर्डफिश, शास्त्रीय नाव झिफियस ग्लॅडियस. गुदपराच्या (पोटाखाली शेपटीकडे असलेल्या पराच्या) दुसऱ्या किरणाचे, म्हणजे पराला आधार देणाऱ्या दांडीचे, आडवे काप काढून वय वाचणं चालू आहे. माद्यांची पक्वता गाभोळी बघून नोंदवली आहे. तीन ठिकाणी अडलंय.

१. दोन मीटरच्या पुढच्या माशांत वलयं (वर्षाला एक अशी मोजायची वाढीची कडी) फार कमी भरतात. कापाचा मधला भाग जाळीदार, भोकाभोकांचा दिसतो.

२. अर्ध्या माद्या ज्या लांबीला पक्व असतात तिचे आकडे १४२, १४४, १७० आणि १७९ सेंमी असे वेगवेगळे वाचले. धरायचा कोणता?

३. १८०-१९० सेंमीच्या काही माद्यांची गाभोळी बारीक आणि गुलाबी होती, म्हणून त्या अपक्व लिहिल्या. त्यामुळे पक्वतेचा आलेख वर जाऊन पुन्हा खाली येतो.

प्रतिसाद: काप_आणि_वलय

जाळीदार भाग हेच पहिल्या अडचणीचं उत्तर आहे. मासा वाढतो तसा किरणाचा गाभा रक्तवाहिन्यांनी पोखरला जातो आणि सुरुवातीची एक-दोन वलयं, कधी त्याहून जास्त, पुसली जातात. दिसतील तेवढीच मोजली तर वय कमी येणारच, आणि ही चूक मासा जितका मोठा तितकी वाढत जाते.

त्यावर उपाय असा. आधी लहान मासे घ्या, ज्यांचा गाभा शाबूत आहे. केंद्रापासून पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वलयापर्यंतची अंतरं मोजा आणि प्रत्येकाची सरासरी व पसारा काढा. मग मोठ्या माशात जे पहिलं वलय स्पष्ट दिसतं त्याची त्रिज्या या तक्त्याशी ताडून बघा. ती तिसऱ्या वलयाच्या पट्ट्यात बसली, तर मोजणी तीनपासून सुरू करा.

पण ही तुलना टिकायची तर सगळे काप किरणाच्या एकाच उंचीवरचे हवेत. बुडाशी जो गोल सांधा असतो त्याची रुंदी मोजा आणि त्या रुंदीच्या निम्म्या अंतरावर, सांध्याच्या वर, काप घ्या. कमी वेगाच्या हिऱ्याच्या करवतीने साधारण अर्धा मिलिमीटर जाडी ठेवा. काप वर सरकला की त्रिज्या घटते आणि तक्ता निरुपयोगी होतो.

खोट्या वलयांपासूनही सावध राहा. खरं वलय कापाच्या पूर्ण घेराभोवती सलग फिरतं, खोटं मध्येच विरतं किंवा शेजारच्याला जाऊन मिळतं. दोन वाचकांनी माशाची लांबी न बघता वाचावं. लांबी माहीत असली की डोळा अपेक्षेइतकी वलयं शोधून काढतोच. म्हाताऱ्या माशांत कडेची वलयं इतकी दाटतात की किरणावरचं वय खालचा अंदाज म्हणूनच घ्यावं.

आणि नर-मादी एका वक्रात घालू नका. पूर्व भूमध्य समुद्रातल्या १९९५ च्या अभ्यासात बर्टालान्फी समीकरणाचे (वयावरून लांबी काढणाऱ्या वक्राचे) आकडे मादीसाठी कमाल लांबी २२६.५३ सेंमी, के (वाढीचा दर) ०.२१, टी-शून्य (लांबी शून्य धरली तर येणारं वय) उणे १.१६५ असे आहेत. नरासाठी २०३.०८, ०.२४१ आणि उणे १.२०५. घालून बघा: १ वर्षाची मादी सुमारे ८३ सेंमी, ५ वर्षांची १६४, १० वर्षांची २०५. नर ५ व्या वर्षी १५८ आणि १० व्या वर्षी १८९. पहिल्या वर्षातली झेप बघा, पुढे कधीच तो वेग राहत नाही. बाहेरून नर-मादी ओळखू येत नाहीत, त्यामुळे पोट साफ करून आलेल्या माशाला निव्वळ आकारावरून मादी ठरवू नका. लिंग अज्ञात लिहा.

प्रतिसाद: गाभोळी

दुसऱ्या प्रश्नातले चारही आकडे मादीचेच आहेत आणि आपापल्या जागी बरोबर आहेत. १४२ भूमध्य समुद्रातला, १७९ वायव्य अटलांटिकचा, १७० हिंदी महासागरात रेयुनियन बेटाजवळचा. हे तिन्ही खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजलेले. १४४ हवाईचा, पण तो डोळ्याच्या मागच्या कडेपासून खाचेपर्यंतचा. म्हणजे जबड्यापासून मोजली तर तीच मादी बरीच लांब भरेल. तलवारीच्या टोकापासूनची लांबी तर वापरूच नका, तलवार मोडते. आकडा आपल्याच समुद्राचा आणि आपल्याच मापाचा धरा. माप बदलायचं असेल तर त्याच भागातलं रूपांतर-समीकरण लावून बदला.

तिसऱ्या प्रश्नातल्या त्या माद्या बहुधा अपक्व नाहीत, विश्रांतीत आहेत. हंगाम संपला की मोठ्या मादीची गाभोळीही आक्रसते आणि डोळ्यांना कोवळ्या मादीसारखी दिसते. भूमध्य समुद्रात अंडी घालण्याचा भर जून ते ऑगस्ट, रेयुनियनजवळ ऑक्टोबर ते एप्रिल. आलेखासाठी हंगामातलेच नमुने घ्या. उरलेल्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली छेद बघा: अॅट्रेशियाच्या (न सोडलेली अंडी जिरून जाण्याच्या) जुन्या खुणा आणि जाड झालेली अंडाशयाची भिंत दिसली तर ती मादी आधी अंडी घालून गेलेली आहे.

तुकडा ताजा असतानाच १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये टाका, द्रव तुकड्याच्या दसपट. गोठवलेली गाभोळी छेदासाठी वाया गेली असं समजा. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटतात आणि रिकाम्या पुटिका (अंडं सुटल्यावर मागे उरणाऱ्या पिशव्या) ओळखता येत नाहीत.

निळं_पाणी

खूप मदत झाली. एका मादीची वर्षाची अंडी काढायला बलक भरलेली सगळी अंडी मोजली तर चालेल का?

गाभोळी

नाही. हा मासा हंगामात अनेक खेपांनी अंडी सोडतो आणि हंगाम चालू असतानाही नवी अंडी भरत राहतो. त्यामुळे आज पोटात असलेला साठा म्हणजे वर्षाचा आकडा नव्हे. एका खेपेची मोजा: पाणी भरून पारदर्शक झालेली अंडी असलेल्या, पण ताज्या रिकाम्या पुटिका नसलेल्याच माद्या निवडा. ताज्या पुटिका असतील तर थोडी अंडी आधीच गेलेली असतात आणि आकडा कमी येतो. दोन्ही गाभोळ्यांतून लहान तुकडे घ्या, मिलिग्रॅमपर्यंत वजन करा, अंडी मोजा, त्या आकड्याला तुकड्याच्या वजनाने भागा आणि गाभोळीच्या एकूण वजनाने गुणा. रेयुनियनजवळ एका खेपेचा अंदाज ९,९५,००० ते ४३ लाख आला होता, तुमचा आकडा त्याच्या फार बाहेर गेला तर आधी तुकड्याचं वजन तपासा. खेपांमधलं अंतर ताज्या पुटिका असलेल्या पक्व माद्यांच्या प्रमाणावरून निघतं. फक्त गळाला लागून मेलेला मासा तासन्‌तास पाण्यात राहिला असेल तर पुटिका कुजून ओळखेनाशा होतात. असे नमुने या मोजणीतून काढून टाका.