फ्रँकफर्टला राहायला जातोय, रोजचं जगणं कसं असतं?

परळकरीण
ऑगस्टमध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे फ्रँकफर्टला जातोय. लेक चार वर्षांची आहे. व्हिसा, विमा, मसाले किती न्यायचे, हे सगळं वाचून झालं. मला रोजचं सांगा. मी चाळीत वाढले, दार दिवसभर उघडं. आता डिलाईल रोडला टॉवरमध्ये राहतो, तरी दूधवाला, इस्त्रीवाला, कचरा न्यायला येणाऱ्या मावशी धरून दुपारपर्यंत सात-आठदा बेल वाजतेच. तिकडे दिवस कसा जातो?

शिवडीची
तीन वर्षं झाली मला इथे. बेलचं म्हणालीस म्हणून आधी तेच. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर बहुधा नसतो. रस्ता, इमारतीचा नंबर आणि बेलवर व पत्रपेटीवर तुमचं आडनाव. आमचं आडनाव लावायचं राहिलं आणि बँकेचं कार्ड परत गेलं. पिनचं पाकीट वेगळं येतं, तेही गेलं. पहिल्याच दिवशी हाताने लिहून चिकटव. पत्त्याची नोंदणी दोन आठवड्यांत करायची असते, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो.

कचरा आपणच खाली न्यायचा. कागद, वेष्टणं, ओला, उरलेला असं वेगवेगळं. काच रस्त्यावरच्या मोठ्या डब्यांत, पांढरी, हिरवी, तपकिरी निराळी, आणि रविवारी टाकायची नाही, आवाज होतो. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत असते. मला माहीत नव्हतं, महिनाभर फेकत होते. मग एकदा पिशवी भरून सुपरमार्केटातल्या यंत्रात एकेक बाटली घातली, पावती आली. शिवडीचा आमचा भंगारवाला बाटल्या मोजता मोजता आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचा. पावती हातात धरून मी तिथेच रडले. थंडीने मला कधी रडवलं नाही.

घाटकोपर_पूर्व
रविवारी दुकानं बंद, हे डोक्यात पक्कं बसव. दूध, पाव शनिवारीच. अगदीच अडलं तर मुख्य रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात. तापाचं औषध सुपरमार्केटात मिळत नाही, फार्मसीतच जावं लागतं. रविवारी पाळीने एखादी उघडी असते, पण ती कुठे हे शोधावं लागतं. लहान मूल आहे, औषध घरात असू दे.

परळकरीण
आडनावाची चिठ्ठी आत्ताच लिहून पासपोर्टात ठेवली. पण मग शेजाऱ्यांशी ओळख होते तरी कशी? लेक फार बोलकी आहे हो.

शिवडीची
पार्सलमुळे. आपण घरी नसलो की कुरिअरवाला ते शेजाऱ्यांकडे देतो आणि कोणाकडे दिलंय त्याची चिठ्ठी टाकतो. तू दिवसा घरी असशील, तर कोणाचंही पार्सल घ्यायला नाही म्हणू नकोस. आमच्या तळमजल्यावरच्या आजींशी माझी ओळख अशीच झाली. संध्याकाळी लोक आपापलं न्यायला येतात. तेव्हा बेल वाजते. दार लेकीला उघडू दे.