'डायनॅमिक आयपी'ला फिरता पत्ता म्हणावं का?

केतकी_कोथरूड
सोसायटीतल्या ज्येष्ठांसाठी एक छोटी मराठी पुस्तिका लिहितेय. विषय: घरच्या कॉम्प्युटरवर बाहेरून कसं पोचायचं. मुलं बाहेरगावी असतात, त्यांना तिथून आईबाबांचं मशीन बघायचं असतं. त्यात डायनॅमिक आयपीबद्दल, म्हणजे इंटरनेट कंपनी घराच्या जोडणीला देते त्या बदलू शकणाऱ्या आकडी पत्त्याबद्दल, मी लिहिलं, "कंपनी तुम्हाला फिरता पत्ता देते. राउटर बंद-चालू केला की तो बदलू शकतो." तपासणाऱ्या काकांनी 'फिरता'वर रेघ ओढली. म्हणे, वाचनालय फिरतं, पत्ता बदलतो, 'गतिक' लिहा. 'गतिक' वाचून आमचे आजोबालोक पान उलटतील. दुसरं काय सुचतंय? आणि डायनॅमिक डीएनएसला, म्हणजे पत्ता बदलला तरी घरचं मशीन एकाच नावाने सापडावं या सोयीला, काय म्हणू?

पेठकर
काका बरोबर आहेत. ज्याला पाय किंवा चाकं, ते फिरतं. सरळ 'बदलता पत्ता' म्हणा.

चौकस
मग 'फिरता चषक' कुठल्या चाकांवर फिरतो हो? 'फिरता निधी'? वस्तू तीच राहते, धरणारा हात बदलतो, तेही फिरणंच. इथे नेमकं तेच होतं. कंपनीकडे आकड्यांचा एक साठा असतो. आज तुमच्याकडे असलेला आकडा उद्या बाणेरच्या कुणाकडे जातो. म्हणजे ग्राहकाच्या बाजूने पत्ता बदलता, कंपनीच्या बाजूने फिरता. केतकीताई, तुमचं वाक्य "कंपनी देते" असं सुरू होतंय, तेव्हा 'फिरता' अगदी चपखल आहे.

पेठकर
पुस्तिका ग्राहक वाचणार आहे, कंपनी नाही.

कसबेकर
आपल्याकडे तयार जोडी असताना ही ओढाताण कशाला? स्थावर आणि जंगम. स्टॅटिक तो स्थावर पत्ता, डायनॅमिक तो जंगम. 'गम्' धातूचं द्विरुक्त रूप आहे, सारखं जाणारं ते जंगम. दिनांक, महापौर हे शब्द रुजले ना? हाही रुजेल.

टवाळ
आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये जंगम राहतात. पुस्तिका वाचून लोक त्यांचीच बेल वाजवतील.

अनु_औंध
डीएचसीपीत, म्हणजे पत्ते आपोआप वाटायच्या पद्धतीत, आकडा मुदतीवर मिळतो, त्याला लीजच म्हणतात. अर्धी मुदत सरली की राउटर आपण होऊन वाढवून मागतो, म्हणून पुष्कळदा तोच आकडा बरेच दिवस टिकतो. मी तर 'मुदतीचा पत्ता' म्हणेन. पण शब्दांआधी एक गोष्ट पुस्तिकेत घालाच: राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर डायनॅमिक डीएनएस लावून उपयोग नाही. तो पत्ता कंपनीच्या आतला असतो, खरा बाहेरचा आकडा अनेक घरांत मिळून एक. आयपीव्ही४ चे, म्हणजे या चार भागांच्या जुन्या पद्धतीचे, आकडे सगळे मिळून ४२९ कोटींच्या आसपास, आणि आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा मुद्दाम अशा वाटणीसाठी राखून ठेवला. अशा घरी टेलस्केलसारखं, दोन मशीन खासगीरीत्या जोडून देणारं काहीतरी वापरावं लागतं, किंवा कंपनीकडून पैसे भरून स्थिर आकडा घ्यावा लागतो.

केतकी_कोथरूड
हे घालतेच, आभार! मग त्याला 'सामायिक पत्ता' म्हणू?

पेठकर
सामाईक. सामायिक हे जैनांचं व्रत. चाळीतला नळ सामाईक.

कसबेकर
शासकीय पत्रांत 'सामायिक'च असतं.

पेठकर
शासकीय पत्रांचं शुद्धलेखन तुम्ही प्रमाण मानता? अभिनंदन.

चौकस
डायनॅमिक डीएनएसकडे कुणी बघतंय का? तिथे नाव कायम राहतं, त्यामागचा आकडा बदलतो. आकडा बदलला की राउटर किंवा घरच्या मशीनवरचा छोटा प्रोग्रॅम नाव सांभाळणाऱ्याला कळवतो. नोंद जगभर शिळी राहू नये म्हणून तिची मुदत मिनिट-दोन मिनिटं ठेवतात. तेव्हा फिरतं किंवा जंगम म्हणण्यासारखं त्या नावात काहीच नाही. 'कायमचं नाव' एवढं लिहिलं तरी आजोबांना कळेल.

कसबेकर
'नामाधार' कसा वाटतो?

टवाळ
ट्रस्टचं नाव वाटतं. देणगीवर करसवलत मिळेल का?

अनु_औंध
आणि काहीही करा, पण ३३८९ पोर्ट (मशीनमध्ये बाहेरून यायचं त्या क्रमांकाचं दार) थेट उघडा ठेवायला सांगू नका. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून मशीन चालवायची सोय, त्यावर असतं आणि दार शोधत हिंडणारे प्रोग्रॅम दिवसरात्र तिथे धडका देतात. आधी व्हीपीएन (इंटरनेटवरची खासगी, कुलूपबंद वाट), मग आत रिमोट डेस्कटॉप.

केतकी_कोथरूड
बरी आठवण केलीत. एका भाषांतरयंत्राने पोर्ट फॉरवर्डिंगचं, म्हणजे बाहेरून आलेलं राउटरने घरातल्या ठरावीक मशीनकडे धाडण्याचं, 'बंदर अग्रेषण' केलंय.

कसबेकर
'बंदर' फारसी. पोर्टला 'द्वार' घ्या. 'द्वारनिर्देश'.

पेठकर
म्हणजे सोप्या मराठीत 'दार दाखवणे'. तो अर्थ आधीच दुसऱ्या कामाला लागलाय.